प्रार्थना कोण करणार?

"प्रार्थना कोण करणार?" आईंनी विचारलं, आणि शांतवनदादांना एकाएकी थंडी वाजायला लागली.

तोवर त्यांना काहीही वाजत नव्हतं. 'राजमहाल' नावाच्या त्या हॉटेलात आम्ही ऐसपैस बसलो होतो. छताला काचेची झुंबरं होती, भिंतीतून प्लास्टिकचे हत्ती सोंडा काढून बघत होते, आणि फेटा बांधलेला वेटर थाळ्या किती आणायच्या हे विचारायला उभा होता. ठिकाण दादांनीच निवडलेलं. थाळी म्हणजे ज्याला जे हवं ते मिळतं, भांडण नाही, असं ते दारातच म्हणाले होते. आता मात्र त्यांनी छताकडे बोट दाखवलं.

"एसी थेट डोक्यावर आहे. आईला बाधेल."

"मला काही होत नाही," आई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता, हात जोडून मांडीवर ठेवले होते.

"तुला आता कळत नाही गं. नंतर होतं."

एवढं बोलून दादा उठले. ते उठले म्हणून प्रिसिलावहिनी उठल्या, वहिनी उठल्या म्हणून पोरं उठली. आईंनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि खुर्ची मागे सारली. फेटेवाल्याने आमच्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या राज्यात असा अपमान पूर्वी कुणी केला नसावा.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई म्हणजे माझ्या सासूबाई, एस्तेर पाटोळे. नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी परिचारिका म्हणून केली, आणि निवृत्त झाल्यावरही दवाखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्येच राहिल्या. सासरे, पाटोळे मास्तर, जाऊन दोन वर्षं झाली होती. आता ती क्वार्टर पाडून तिथे नवी इमारत उठणार होती आणि जानेवारीअखेर जागा रिकामी करायची होती. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या रात्री आईंची गादी कुणाच्या घरी पडणार, हा प्रश्न त्या नाताळात आमच्या कुटुंबापुढे होता. तो कुणी विचारत नव्हतं. सगळे विचारत होते ते एवढंच, की जेवायचं कुठे.

थोरले शांतवनदादा पुण्यात बँकेत अधिकारी. धाकटा सामुएल कल्याणला एका औषध कंपनीत. मधली सुवार्ता, ती माझी बायको. आम्ही दोघं मिरजेला. आम्ही दिवाळीच्या सुट्टीतच आईंना विचारलं होतं, सरळ आमच्याकडे चला म्हणून. त्या नाही म्हणाल्या. दोन मुलगे हयात असताना लेकीच्या दारात राहायला गेलं, तर लोक मुलांना नावं ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. ठेवू देत की, मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या मुलांना नावं ठेवायचा हक्क माझा आहे, रत्नाकरराव. तो मी लोकांना देत नाही."

मग डिसेंबरात दादांचा फोन आला. दरवर्षी नाताळचं जेवण आईच रांधते, या वर्षी तिला आराम द्यायचा. नगर-पुणे रस्त्यावर 'आनंदलोक' नावाचं ते पाळण्यांचं आणि घसरगुंड्यांचं मोठं उद्यान झालंय, तिथे सगळ्यांनी जमायचं. पोरं खेळतील, आपण निवांत जेवू. किती विचार करतो दादा आईचा, असं सुवार्ता म्हणाली. मीही म्हणालो. आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते.

सकाळची उपासना आटोपून आम्ही आईंना नगरहून घेऊन निघालो. मुलगे आपापल्या गाड्यांनी परस्पर आले. सामुएलची मोनिका बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे तो एकटाच होता, आणि आपण एकटे असल्याचं दर दोन वाक्यांनी सांगत होता.

फाटकावर रखवालदाराने आईंची पिशवी उघडली. आत डबा होता. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. आमच्याकडे नाताळला फराळ करतात, हे त्या गृहस्थाला काही केल्या पटेना. "दिवाळी होऊन गेली, साहेब," तो मला समजावणीच्या सुरात म्हणाला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, असा नियम होता. आईंनी त्याला एक करंजी खायला दिली. ती त्याने खाल्ली, चांगली झाली आहे असं सांगितलं, आणि डबा जप्त केला. आत गेल्यावर समोर कापसाच्या बर्फात पुठ्ठ्याचा केक उभा होता आणि कर्ण्यातून कुणीतरी सर्वांना ख्रिसमसच्या शुभेच्छा देत होतं. त्या एवढ्या गर्दीत नाताळ खरोखर ज्यांचा होता, अशी बहुधा आम्हीच असू, आणि फराळ जप्त झाला तो आमचाच.

तर राजमहालातून उठल्यावर निवड सामुएलकडे आली. त्याने आईंचा हात धरून त्यांना लाल कंदील टांगलेल्या चिनी हॉटेलात नेलं. दारात लाकडी ड्रॅगन होता. बसल्याबरोबर पोरांनी नूडल्स मागितल्या. आईंनी पदर डोक्यावर घेतला.

"प्रार्थना कोण करणार?"

सामुएलने नाक वर केलं. इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं. "तेल जळकं आहे," तो म्हणाला. "वास येतोय."

मला काही वास येत नव्हता. दादा म्हणाले, की ठिकाण तुझ्या पसंतीचं, आता तूच काय ते बघ. सामुएल म्हणाला, की थोरला तू आहेस. थोरला झालो म्हणून सगळीकडे मीच पुढे व्हायचं का, असं दादांनी विचारलं. तुझ्याकडे जागा तरी आहे, सामुएल म्हणाला. जागा दिसते तेवढी नसते, दादा म्हणाले. आम्ही बसलो होतो त्या गोल मेजाभोवती आणखी सहा माणसं मावली असती, म्हणून मी जरा चक्रावलो. शेवटी प्रिसिलावहिनींनी तोडगा काढला.

"आईंना हे असलं मानवतच नाही. आईंना आपलं नगरचं मानवतं. नगरचं पाणी, नगरची हवा. त्यांना तिथून हलवायचं म्हणजे त्यांचेच हाल."

चिनी हॉटेलात नगरची हवा कुठून आली, हे मला कळेना. आमच्या मिरजेकडे जेवणाची प्रार्थना ज्याला भूक जास्त लागलीय तो करतो, म्हणजे ती आटोपशीर होते. मी तोंड उघडून म्हणणार, की आणा इकडे, मी करतो. तेवढ्यात मेजाखालून सुवार्ताची टाच माझ्या पायावर आली, आणि ती हलकी नव्हती.

आम्ही ड्रॅगनपाशी परत आलो. पोरांना पाळण्यांच्या रांगेत उभं करायला म्हणून सुवार्ता मला बाजूला घेऊन गेली, आणि लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मला त्या घराची रीत कळली.

पाटोळ्यांच्या घरात नाताळच्या मेजावर प्रार्थना घराचा कर्ता करतो. खरं म्हणजे उलट आहे. जो करतो, तो कर्ता होतो. सुवार्ताचे आजोबा थकले, तेव्हा एका नाताळात ते मेजाशी बसले, डोळे मिटले आणि गप्प राहिले. वाढलेलं निवत चाललं तरी गप्प. सगळे डोळे मिटून थांबले होते. मग मास्तरांनी तोंड उघडलं आणि प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी आजी-आजोबांची ट्रंक मास्तरांच्या क्वार्टरमध्ये आली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मास्तर गेले त्या वर्षी नाताळला दादांनी पाळकसाहेबांना जेवायला बोलावलं, आणि पाळक मेजावर असले की प्रार्थना त्यांचीच. त्याच्या पुढच्या वर्षी दादांना बँकेने सुट्टी दिली नाही आणि सामुएलला ताप आला.

"म्हणजे आई जे विचारतायत..." मी म्हणालो.

"आई विचारत नाहीये," सुवार्ता म्हणाली. "आई पदर पसरतेय. आणि तू मध्ये तोंड घालून त्यांना सोडवायला निघाला होतास."

"मग मीच केली तर काय बिघडलं? येऊ दे ना त्यांना आपल्याकडे."

"तिला आपण नकोय असं नाही. तिला त्या दोघांपैकी एकाने तोंड उघडलेलं हवंय. एकदा. तू तिला ओळखत नाहीस. ती दवाखान्यात रोग्याने तोंड उघडलं नाही तर चमचा धरून बसून राहायची."

माझा राग मुळात मंद पेटतो. कोळशाच्या शेगडीसारखा आधी नुसता धूर होतो. त्या दिवशी मात्र तो थेट पेटला. दादा रुळांवरून गाडे धावणाऱ्या एका उंच झुल्याखाली उभे राहून नकाशात पुढचं हॉटेल शोधत होते. डोक्यावरून गाडा वळण घेऊन जायचा आणि वीस-पंचवीस माणसं एका सुरात किंचाळायची, तेवढ्यापुरतं बोलणं थांबवावं लागायचं.

मी म्हणालो, "दादा, चार वाक्यांची प्रार्थना असते. करून टाका."

"साधी असती तर केली नसती का?" त्यांनी नकाशावरून मान वर केली नाही. "तुम्हाला सुवार्ताने सांगितलेलं दिसतंय."

"सांगितलं."

"मग समजून घ्या ना. प्रिसिलाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मुलीची दहावी आहे. आईला आमच्याकडे करमणार नाही. तिच्याच सोयीचं बघतोय मी." वरून गाडा गेला. किंचाळ्या ओसरल्यावर ते सावकाश, एखादी ठेवयोजना समजावून द्यावी तसे म्हणाले, "म्हणून तर इथे जमलो. कुणाच्या घरी जमलो असतो तर ज्याचं घर, त्याला प्रार्थना करावी लागली असती. हॉटेलातलं मेज कुणाचंच नसतं. गर्दी, गोंगाट, पोरं. मला वाटलं, आई विसरून जाईल."

आईला आराम, पोरांना खेळ, निवांत जेवण. एका माणसाने एवढा मोठा बेत आखला होता, पाळणे, घसरगुंड्या, कापसाचा बर्फ, सगळं कामाला लावलं होतं, ते चार वाक्यं तोंडातून निघू नयेत म्हणून.

"त्या विसरलेल्या नाहीत," मी म्हणालो. "आणि आता त्यांना दोन मुलं आळीपाळीने तोंड मिटून बसलेली बघावी लागतायत. घरी एकाचंच मिटलेलं दिसलं असतं."

"तुमचं बरं आहे हो. तुम्ही जावई. जावयाला कोण विचारतं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते नाताळच्या दिवशी बोलण्यासारखं नव्हतं. मी नकाशा त्यांच्या हातातून घेतला, चुरगळला आणि कचरापेटीत टाकला. ती पेटी पेंग्विनच्या आकाराची होती, आणि झाकण उघडलं की ती धन्यवाद म्हणायची. तशी ती म्हणाली.

तिसरं ठिकाण पोरांनी निवडलं. बर्फाचा किल्ला. आत थर्माकोलच्या भिंती, गाण्यांचा दणदणाट आणि हातात माईक घेतलेला एक तरुण. त्याच्या शेजारी सांताक्लॉज घाम पुसत उभा होता. तरुणाने गर्दीला विचारलं, की ख्रिसमसला कुणाचा वाढदिवस असतो. "सांताचा," गर्दी एकमुखाने म्हणाली. तरुणालाही ते बरोबर वाटलं असावं, पण खात्री करून घ्यायला त्याने माईक आईंपुढे धरला. पांढरं पातळ, हातात बायबलची पिशवी, अशा बाईला माहीत असेल असं त्याला वाटलं असणार.

"मी पुष्कळ बाळंतपणं केली, बाळा," आई माईकमध्ये म्हणाल्या, "पण त्या बाळंतपणाला मी नव्हते."

लोक हसले. तरुणाने आईंना एक लाल फुगा बक्षीस दिला. तो हातात धरूनच त्या मेजाशी बसल्या, दुसऱ्या हाताने पदर घेतला, आणि त्या गाण्याच्या दणदणाटात आवाज चढवून विचारलं. आवाज चढवावा लागल्यामुळे शेजारच्या दोन मेजांनाही ऐकू गेलं.

"प्रार्थना कोण करणार?"

या वेळी दोघं भाऊ एकदमच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालेलं मी पाहत होतो. "पोरांना इथलं आवडायचं नाही," दोघं म्हणाले. पोरं तेव्हा कापसाच्या बर्फात लोळत होती, आणि त्यांना तिथून ओढून काढताना एकाने भोकाड पसरलं ते पार बाहेर येईपर्यंत.

आईंनी फुगा रडणाऱ्या नातवाच्या हातात दिला, इकडेतिकडे पाहिलं आणि चालू लागल्या. त्या रुग्णांच्या खोल्यांमधून जशा चालत असाव्यात तशाच, मागे कोण येतंय हे न बघता. आम्ही मागून गेलो. समोर चाच्यांचं गलबत होतं. लाकडी फळ्यांचा पूल, डोलकाठीवर कवटीचं निशाण, आणि दाराशी दोन सांगाडे. आई सांगाड्यांच्या मधून आत गेल्या आणि एका लांब मेजाच्या टोकाला बसल्या. घरच्या मेजावर त्या टोकाला मास्तर बसायचे.

एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला वेटर आला. कमरेला लाकडी तलवार होती, ती मेजाला अडकत होती. त्याने सगळ्यांपुढे खाद्यपदार्थांची यादी ठेवायला सुरुवात केली. आईंनी ती सगळी गोळा करून त्याला परत दिली.

"कोण काय खातं ते मला माहीत आहे. मीच खाऊ घातलंय. मटण आण. मसाल्यातला कोंबडा आण. भात, भाकऱ्या, कांदा. या दोन पोरांना तिखट कमी." मग त्यांनी त्याच्या पट्टीकडे पाहिलं. "डोळ्याला खरंच काही झालंय का रे?"

"नाही आजी, ड्युटी आहे."

"मग आत जाऊन जरा वेळ काढून ठेव. सारखं बांधल्याने दुखतो."

जेवण आलं. वाफा निघत होत्या. दर थोड्या वेळाने भिंतीतल्या कर्ण्यातून तोफ उडाल्याचा आवाज यायचा आणि लाल दिवे लागायचे. आईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

त्यांनी विचारलं नाही.

आम्ही थांबलो. पोरं चुळबुळ करायला लागली. मी डोळे किलकिले करून पाहिलं. दादांनी डोळे घट्ट मिटले होते, इतके घट्ट, की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. सामुएलचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तो बहुधा मनातल्या मनात दादांना म्हणत होता, की कर ना. माझ्या शेजारी सुवार्ताच्या मिटल्या पापण्यांतून पाणी आलं, आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. रीत गेली खड्ड्यात, असं मनात म्हणून मी मोठ्याने सुरू केलं, "हे प्रेमळ पित्या..."

"थांबा, रत्नाकरराव," आई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "तुम्ही रागाने करताय."

"मग बिघडलं काय?" मी म्हणालो.

"काही नाही. पण रागानेच करायची असेल, तर माझा राग तुमच्यापेक्षा मोठा आहे. मी करते."

आमची माणसं बोलणाऱ्याला मध्येच तोडायला कधी कचरत नाहीत. पाळकाचं प्रवचन लांबलं तरी मागून खाकरतात. पण प्रार्थना करणाऱ्याला कुणी तोडत नाही. देवाशी चाललेलं बोलणं, त्यात मध्ये कोण पडणार? आईंना ते ठाऊक होतं. त्या सावकाश बोलल्या, एकेक शब्द सुटा करून.

"हे प्रेमळ स्वर्गीय बापा, आजच्या पवित्र दिवसाबद्दल तुझे आभार मानते. तुझा पुत्र गोठ्यात जन्मला, कारण उतारशाळेत जागा नव्हती. जागा नसली की माणसाला कसं वाटतं, ते मी तुला सांगायला नको.

"बापा, माझ्या थोरल्या लेकराला, शांतवनला, थंडी फार वाजते. आज राजमहालात वाजली. त्याच्या घरी तीन खोल्या आहेत, पण माझं नाव निघालं की तिथेही वाजते. त्याला ऊब दे. प्रिसिलाला नगरच्या हवेची फार काळजी आहे. ती हवा तिच्या वाट्याला कधी न येवो.

"माझ्या धाकट्याला, सामूला, वास येतो. त्याला गोवर आला होता तेव्हा मी रात्रपाळी करून यायची आणि अंगाला फिनेलचा वास असायचा. तो वास आला की तो रडायचा थांबायचा आणि झोपायचा. आता त्याला म्हाताऱ्या माणसाचा वास सोसत नाही. त्याचं नाक बरं कर."

तोफ उडाली. लाल दिवे आमच्या पापण्यांवरून फिरून गेले. आई थांबल्या, दिवे विझल्यावर पुढे बोलल्या.

"मी आज तीन मेजांवर विचारलं. तुझ्या पुत्राला त्याच्या शिष्याने तीनदा नाकारलं, तेव्हा निदान कोंबडा तरी आरवला होता. इथला कोंबडा, बापा, तुझ्यासमोर मसाल्यात पडला आहे. तो काही बोलायचा नाही. म्हणून मला बोलावं लागतंय.

"माझी लेक मला बोलावते, जावई बोलावतो. त्यांना आशीर्वाद दे. मी त्यांना नाही म्हणाले, कारण मला वाटत होतं, माझी मुलं तोंड उघडतील. तो माझा गर्व होता. आज तो तू मोडलास. आभार मानवत नाहीत, पण मानते.

"जालन्याकडे त्या नर्सिंग शाळेतल्या मुलींच्या वसतिगृहावर मोठं माणूस हवंय, हे तुला ठाऊक आहे. त्यांचं बोलावणं आलं तेव्हा मी तुलाच विचारलं होतं. त्यांना मी म्हणाले, नाताळचं जेवण होऊ द्या, मग कळवते. ते जेवण आता पुढ्यात आहे. मी जाते. तिथलं मेज लांब आहे, आणि तिथली प्रार्थना मी करणार. म्हणजे घर माझं. माझ्या मुलांना पुढच्या नाताळला यावंसं वाटलं, तर ताट मिळेल. पण त्यांनी खालच्या टोकाला बसावं, मुलींच्या नंतर. या अन्नावर आशीर्वाद दे, रांधणाऱ्यावर दे, आणि वाढायला उभ्या असलेल्या या चाच्यावरही दे. येशूच्या नावाने मागते. आमेन."

आमेन तर म्हणावंच लागतं. प्रिसिलावहिनींच्या तोंडून ते सवयीने, सगळ्यांत आधी निघालं, आणि निघाल्यावर त्यांनी ओठ चावला. सुवार्ता म्हणाली, मी म्हणालो. पोरं ओरडून म्हणाली. माझ्या मागून एक खणखणीत "आमेन" आला. वळून पाहिलं तर पापडांची टोपली छातीशी धरून वेटर मान खाली घालून उभा होता, आणि त्याची पट्टी कपाळावर सरकवलेली होती. मग सगळे थांबले, आणि शेवटी दोन्ही भावांनी, एकामागून एक, उष्टा घास गिळावा तसं ते म्हटलं.

डोळे उघडल्याबरोबर दादांना वाचा फुटली. आई, हे काय भलतंच. वसतिगृहावर? या वयात? नगरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पाटोळे मास्तरांची बायको दोन मुलं असताना पोरींच्या वसतिगृहावर राहते, असं लोक म्हणतील. बँकेतही कळेल. सामुएल म्हणाला, की त्यापेक्षा तू माझ्याकडे चल. दादा म्हणाले, की तुझ्याकडे कशाला, थोरला मी आहे, ती माझ्याकडे येणार. सामुएलने विचारलं, की मग सकाळपासून तुझं तोंड कुठे होतं. दादा म्हणाले, की तुझं नाक होतं तिथेच. दोघंही उठून उभे राहिले होते. आईंना आपल्याकडे न्यायला त्यांना भांडताना मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला सांगायला हरकत नाही, मला ते बघताना मनापासून बरं वाटलं.

आई मटणाच्या भांड्यात डाव फिरवत होत्या.

"आई, मी आजच तुझं सामान हलवतो," दादा म्हणाले. "आता लगेच. इथूनच नगरला जाऊ."

"शांतवन, तू आमेन म्हणालास ना?"

"म्हणालो, पण ते..."

"मग खाली बस आणि जेव."

ते बसले. सामुएलही बसला. आईंना डावात नळी सापडली. त्या घरात मटणातली नळी पूर्वी मास्तरांच्या ताटात जायची, आणि मास्तरांनंतर आई ती दादांना वाढायच्या. दादांनी सवयीने ताट थोडं पुढे केलं. आईंनी नळी स्वतःच्या ताटात घेतली, दोन्ही हातांनी उभी धरली, आणि तिच्यातला मगज निघेपर्यंत ताटावर आपटली. चाच्यांच्या त्या गलबतात तोफेपेक्षाही तो आवाज मोठा होता.